चाळीस गुन्हेगारांच्या सासूबाई

तिचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आणि तरीही शहरातले चाळीस बाप्ये तिला सासूबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर ती मॅडम. पण ऑफिसबाहेरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेली ही मंडळी एकमेकांना हळूच विचारायची, सासूबाईंचा मूड कसा आहे आज? आणि मंडळी म्हणजे काही सोमेगोमे नव्हेत. खून, दरोडे, जाळपोळ. दहा वर्षांच्या आत सुटलेल्या माणसाला तिच्या यादीत जागाच नव्हती. अशी माणसं तुरुंगातून बाहेर आली की त्यांची उरलेली शिक्षा बाहेर चालू राहते, आणि ती नीट चालली आहे ना हे बघायला सरकार एक अधिकारी नेमतं. या चाळीस जणांच्या नशिबी ही बाई आली होती. वय छप्पन्न, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, चष्मा कायम डोक्यावर आणि त्याचा शोध कायम पर्समध्ये.

नाव मात्र अगदी फिट्ट बसलं होतं. न कळवता दारात उभं राहायचं, आल्या आल्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळायचं, डब्यांची झाकणं उघडून बघायची, फळीवरून बोट फिरवायचं आणि मग काल संध्याकाळी कुठे होतास, कोण आलं होतं, हा दुसरा कप कोणाचा, हे सुरू करायचं. याला दुसरं काय म्हणणार? तिचं म्हणणं असं, की माणूस तोंडाने वाटेल ते सांगतो, पण त्याच्या ओट्याला खोटं बोलता येत नाही. दारू पुन्हा सुरू झाली की भांडी तुंबतात. काम सुटलं की दूध यायचं थांबतं. जुने दोस्त यायला लागले की कप वाढतात. नुसते ओटे बघून तिने सव्वीस वर्षांत कितीतरी जणांना वेळेवर आवरलं होतं आणि तिघांना परत आत पाठवलं होतं. परत पाठवायचं झालं की तिला वाईट वाटायचं आणि ती ते लपवायचीही नाही. त्या दिवशी घरी जेवण नाही.

घर म्हणजे धाकट्या भावाचं. भावजय स्वभावाने मऊ, पण तिचाही एकदा धीर सुटला. सुट्टीच्या दिवशी सकाळीच बाईने फ्रिज उघडून, हे दूध परवाचं का, अशी चौकशी सुरू केली. भावजय शांतपणे म्हणाली, "वन्सं, माझी शिक्षा कधी संपायची तेवढं एकदा सांगा." यावर बाई इतकी हसली की डोक्यावरचा चष्मा घरंगळत नाकावर आला, आणि तो सापडल्याचा आनंद झाला तो वेगळाच.

या चाळिसांत एकाच माणसाकडे जायचा तिला कंटाळा यायचा. तो वाईट होता म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे बोट फिरवायला धूळच नसायची. तो लॉन्ड्रीत कामाला होता. शेचाळीस वर्षांचा. एकोणीस वर्षं आत काढलेली, बाहेर येऊन चौथं वर्ष चालू. तुरुंगात चादरी धुता धुता जे शिकला तेच बाहेर कामी आलं. एका खोलीचं घर, पण ते घर सुद्धा त्याने घडी घालून ठेवल्यासारखं दिसायचं. दर मंगळवारी दहाला हजेरी, हा पावणेदहाला बाकावर. नवीन काय, असं विचारलं की "काही नाही मॅडम." चार वर्षं त्याच्या फायलीत तीच दोन अक्षरं: ठीक.

एका गुरुवारी संध्याकाळी बाई त्याच्याकडे अशीच जाऊन धडकली. सवयीने फळीकडे गेली, झाकणं उघडली आणि थबकली. घरात मीठ नव्हतं. बरणी होती, धुऊन पालथी घातलेली. सव्वीस वर्षांत तिने ओट्यावर नाही नाही ते बघितलं होतं, पण मीठ नसलेलं घर पहिल्यांदाच बघत होती. पातेल्यात नुसत्या उकडलेल्या भाज्या. शेजारी सूपाचा स्टीलचा डबा, झाकणावर रंगीत फूल, म्हणजे डबा याचा नव्हे. आणि भिंतीला चिकटवलेला एक कागद, गोल गोल अक्षरात: मीठ बंद. केळी बंद. डाळ कमी. पाणी मोजून. चिंता बंद. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

काय झालंय, कधीपासून, आणि मला कसं सांगितलं नाहीस, असं बाईने एका दमात विचारलं. त्याने मान खाली घातली. काही झालेलं नाही, तब्येत उत्तम आहे, म्हणाला. मग हे काय आहे? अर्धा तास बाईने त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे ती हकीकत बाहेर आली.

ती अशी. हजेरीला येताना तो मंगळवारी सकाळी एकच बस पकडायचा आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा. बस चालवायची एक बाई. त्रेचाळीस-चव्वेचाळीसची, नवऱ्यापासून कधीच वेगळी झालेली, मुलगी शिकायला परगावी. आता देखरेखीच्या ऑफिसला स्वतःचा बसस्टॉप नाही. कोण देणार? त्यामुळे तिथे येणारा प्रत्येक जण मोठ्या हॉस्पिटलच्या स्टॉपवर उतरतो आणि इमारतीला वळसा घालून मागे येतो. ड्रायव्हरबाई आरशातून बघायची: हा माणूस दर मंगळवारी हातात फाईल धरून हॉस्पिटलला उतरतो. जाताना चेहरा पडलेला, परतीच्या फेरीत जरा मोकळा. एकदा सिग्नलला बस थांबलेली असताना तिने मान वळवून विचारलं, किडनी का? वडिलांच्या त्याच आजारात तिने चार वर्षं काढली होती, त्यामुळे पडलेला चेहरा म्हणजे किडनी हे तिचं ठरलेलंच होतं. आणि हा हो म्हणाला.

हो का म्हणालास, असं बाईने विचारलं.

"सिग्नल सुटला होता मॅडम. दुसरं उत्तर लांब होतं."

पुढच्या मंगळवारपासून सूप सुरू झालं. मग पथ्याचा कागद आला. मग मंगळवारखेरीज रविवारीही डेपोतल्या बाकावर, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, तब्येतीची चौकशी. असे आठ महिने. बाईने विचारलं, हे सगळं खोटंच असेल तर मीठ खरोखर का सोडलंस? तर म्हणाला, ती दर वेळी विचारते, मीठ खाल्लं नाही ना? एक खोटं तिच्याशी बोललो ते बोललो, आता दुसरं नको, म्हणून मीठ सोडलं. केळीही सोडली. चिंता तेवढी सुटत नाही म्हणाला.

बाईला हसू आलं होतं. ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं आणि पर्समधून सुटकेच्या अटींचा कागद काढला. अट नववी: कोणाशी जवळीक होत असेल तर त्या व्यक्तीला गुन्ह्याची पूर्ण कल्पना द्यायची. स्वतः, अधिकाऱ्यासमोर. नाही दिली तर अधिकारी देईल. आणि लपवलं तर परत आत.

"जवळीक नाही मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. "सूप आहे."

मग बाईने सुरू केलं. सूप एकदा की दर वेळी? दर वेळी. डबा परत द्यायला कोण जातं? मीच. नुसता धुऊन? नाही, डब्यावर ती रुमाल बांधते, तो इस्त्री करून. ती आजारी पडली तर सूप थांबेल याचं वाईट वाटेल की ती आजारी आहे याचं? या प्रश्नावर त्याचे कान लाल झाले. बाईने जवळीक या शब्दासमोर बरोबरची खूण केली.

सात दिवस, ती म्हणाली. तेव्हा या माणसाने चार वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. महिनाभर द्या, म्हणाला. मी हळूहळू सांगतो. एकदम सांगितलं तर ती निघून जाईल. मला कसा आहेस म्हणून विचारणारं दुसरं कोणी नाही, तुम्ही सोडून, आणि तुम्हाला तर पगार आहे त्याचा.

हे बाईला लागलं. पण तिने मान हलवली. फार वर्षांपूर्वी, नोकरीत नवी असताना, अशाच एकाने तिच्याकडे थोडे दिवस मागितले होते आणि तिने आठ दिवस दिले होते. तोही गरीब दिसायचा. सहाव्या दिवशी, ज्या बाईपासून त्याने गुन्हा लपवला होता तिचा हात त्याने दोन ठिकाणी मोडला. हॉस्पिटलच्या खाटेवरून तिने बाईला एवढंच विचारलं होतं, तुम्हाला माहीत होतं का? त्या प्रश्नाचं उत्तर देताना जे झालं ते सासूबाईंनी भावजयीलाही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून सात म्हणजे सात. ती त्याला म्हणाली, निघून जाईलही कदाचित, पण ते तिचं तिने ठरवायचं, तू नाही आणि मीही नाही.

मंगळवारी तो हजेरीला आला तेव्हा बाईने त्याची तालीम घ्यायचं ठरवलं. ड्रायव्हरबाईची भूमिका स्वतःकडे घेतली, फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्यावर हात ठेवले आणि म्हणाली, हं, बोल. तो ताठ उभा राहिला आणि त्याने गुन्ह्याचा क्रमांक, कलम, तारीख आणि निकालाचा दिवस घडाघडा म्हणून दाखवला. एकोणीस वर्षं कोणी विचारलं की हेच सांगायचं, दुसरं काही त्याच्या तोंडात बसलेलंच नव्हतं. बाईने विचारलं, तू तिला सांगतोयस की तिच्याकडे जामीन मागतोयस? दुसऱ्यांदा त्याने सुरुवात केली ती आपल्या बालपणापासून. बाईने गठ्ठा टेबलावर आपटला. बालपण सगळ्यांनाच असतं, म्हणाली, ज्याला तू मारलंस त्यालाही होतं. तिसऱ्या तालमीला दार किलकिलं झालं आणि बाकावरच्या एका जुन्या दरोडेखोराने डोकं आत घालून अदबीने सुचवलं की आधी सूपाचं कौतुक करावं. बाईने त्याला नजरेनेच बाहेर काढलं. पण सल्ला वाईट नव्हता, असं तिच्या मनात आलंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डेपोत, रिकाम्या बसमध्ये ते तिघं बसले. ड्रायव्हरबाई आपल्या सीटवर मागे वळून, तो तिच्या मागच्या सीटवर, आणि सासूबाई जरा अंतर ठेवून. ही कोण, असं ड्रायव्हरबाईने डोळ्यांनी विचारलं. डॉक्टर असावी असा तिचा अंदाज. चेहरा बघून ती घाबरली आणि म्हणाली, रिपोर्ट वाईट आला का?

त्याने सूपाचं कौतुक केलं नाही. बालपण सांगितलं नाही. "मी हॉस्पिटलला जात नाही," तो म्हणाला. "मागच्या ऑफिसात हजेरीला जातो. मी माणूस मारलाय. एकोणीस वर्षं आत होतो."

यावर ड्रायव्हरबाईने जे विचारलं त्याची तालीम कोणीच केली नव्हती.

"म्हणजे किडनी चांगली आहे?"

तो हो म्हणाला. आणि ती भडकली. अशी भडकली की दोन बसपलीकडचा कंडक्टर वळून बघायला लागला. आठ महिने ती दर मंगळवारी पहाटे उठून भाज्या दोनदा उकळत होती. वडिलांच्या वेळी जे करायचं राहून गेलं ते या माणसासाठी करत होती. एका मंगळवारी तो दिसला नाही तर हॉस्पिटलच्या खिडकीवर चौकशी करून आली होती, तिथल्या माणसाने नावच नाही म्हटल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडली होती, आणि हा तेव्हा मागच्या बसने आला होता. खुनाचं तिला अजून नीट पोचलंच नव्हतं. आधी किडनीचा हिशोब चालला होता, आणि तिचा राग अगदी रास्त होता. सासूबाईंनी मधे पडायचा विचारही केला नाही.

बोलून बोलून ती थांबली. पाणी प्यायली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, कोणाला?

बरोबर काम करणाऱ्याला, तो म्हणाला. सत्तावीस वर्षांचा होता. चारचौघांत त्याने माझी टिंगल केली होती. मी लोखंडी गज घेतला. दोनदा मारला.

"दुसऱ्यांदा का?"

कोर्टात वकिलांनी पन्नास प्रश्न विचारले होते, सासूबाईंनी स्वतः चार वर्षांत शेकडो. हा कोणीच विचारला नव्हता. तो खिडकीबाहेर बघायला लागला, मग तिच्याकडे वळला. "पहिल्यांदा रागाने मारलं. मग तो खाली पडला, हात वर केला त्याने. तेव्हा राग गेला होता माझा. तरी मारलं. का ते मला अजून माहीत नाही."

ड्रायव्हरबाईने घड्याळ बघितलं. फेरीची वेळ झाली होती. "उतरा दोघं," ती म्हणाली. दोघं उतरले. बस निघून गेली आणि सासूबाईंना त्या माणसाचा इतका कळवळा आला, आणि त्या हात वर केलेल्या पोराचाही, की कोणासाठी वाईट वाटून घ्यावं हेच तिला कळेना. ती त्याला एवढंच म्हणाली, नीट सांगितलंस. आणि त्या दिवशी घरी जेवली नाही.

पुढच्या मंगळवारी तो चाळीस मिनिटं उशिरा आला. घामाने निथळत होता. बस चुकली का? नाही, चालत आलो, तिला उगाच आरशात माझं तोंड बघायला नको. उशीर म्हणजे अटीचा भंग. बाईने तो जसाच्या तसा लिहिला, वर कारणही लिहिलं, आणि पुढच्या वेळी दोन तास आधी निघायला सांगितलं. काय नवीन, असं मात्र तिने विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी ड्रायव्हरबाई ऑफिसात आली. युनिफॉर्मवरच होती, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. बाकावरची मंडळी आपोआप उठून उभी राहिली. तिने निकालाची प्रत मागितली. बाईने दिली, ती कोणालाही मिळते. तिने ती सगळी वाचली, एकेक ओळ बोटाने धरून, मधे एकदा थांबून पुन्हा मागची दोन पानं वाचली. मग कागद नीट लावून परत दिले आणि विचारलं, तो पुन्हा असं करेल का?

"माहीत नाही," बाई म्हणाली. "सव्वीस वर्षं हेच काम करतेय. करणार नाही, असं मी कोणाबद्दलही लिहून दिलेलं नाही."

"मग तुम्ही त्याच्या घरी एकट्या कशा जाता?"

बाईने सांगितलं, त्यालाही पद्धत आहे. कोणाच्याही घरी गेलं की दाराजवळच्या खुर्चीत बसायचं. दार उघडं ठेवायचं. चपला पायातून काढायच्या नाहीत, म्हणजे उठून पळता येतं. तिच्या चाळीसही घरांत ती अशीच बसते.

"त्याच्याकडे पण?"

हो, असं बाई म्हणणारच होती. पण तोंड उघडलं आणि तिला तो गुरुवार आठवला, त्याला खोदून खोदून विचारत काढलेला तो अर्धा तास. ती दाराजवळ नव्हती. आत, पंख्याखाली बसली होती, दाराकडे पाठ करून. चपला बाहेर होत्या. त्याच्या आधीच्या वेळीही बाहेर होत्या. त्याच्याही आधी. सगळ्यांच्या ओट्यांवर बोट फिरवणाऱ्या या बाईला स्वतःची खुर्ची कधी सरकली ते कळलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याच्याकडे मी आत बसते."

"कधीपासून?"

"ते मला सांगता यायचं नाही. आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं."

बाईने पुढे काही जोडलं नाही, सल्ला दिला नाही. तो द्यायचा अधिकार तिला नव्हता, आणि असता तरी काय द्यावा हे तिला ठाऊक नव्हतं. खाली कोणत्या तरी बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरबाई उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"रविवारी येईन म्हणावं त्याला," ती म्हणाली. "दाराजवळची खुर्ची मोकळी ठेव म्हणावं. चपला मी काढणार नाही."